मावळंकरांचा खेळ आणि महागडे काडतूस

म्हैसूरच्या दसऱ्याचा थाट साऱ्या देशाला ठाऊक आहे. खंडेनवमीला राजवाड्यात आयुधपूजा होते, तलवारी आणि ढाली धुऊनपुसून मांडल्या जातात, दुसऱ्या दिवशी अंबारीचा हत्ती रस्त्यावर येतो आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर लाखो लोक तो सोहळा पाहतात. त्याच शहरात एक बिनथाटाची आयुधविद्याही चालते. तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. शहरातील पोलीस खाते सामान्य नागरिकांसाठी रायफल प्रशिक्षणाचे वर्ग घेते. नोकरदार, विद्यार्थी, निवृत्त मंडळी तेथे येतात, रायफल कशी धरावी, श्वास कसा रोखावा, घोडा कसा दाबावा हे शिकतात, मोजकी काडतुसे उडवतात आणि प्रमाणपत्र घेऊन घरी जातात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. ज्याला या विद्येची गोडी लागली त्याने पुढे सराव कसा करायचा? रायफलीचा परवाना ही पहिली पायरी झाली. परवाना मिळाला आणि रायफल घेतली, तरी तिच्यात घालायचे काडतूस कोठून आणायचे आणि ते परवडायचे कसे, याचे उत्तर ना पोलिसांजवळ असते, ना क्रीडा खात्याजवळ.

म्हैसूरहून पश्चिमेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर मडिकेरी लागते. तेथे या प्रश्नाचे आणखी एक रूप दिसते. कोडगू जिल्ह्यातील कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना शस्त्र कायद्याच्या परवान्यातून सूट आहे. ही सूट आजची नव्हे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी देश निःशस्त्र करायला घेतला, तेव्हा म्हैसूरचे कमिशनर मार्क कबन यांनी १८६१ मध्ये कोडगूच्या लोकांना त्यातून वगळले. स्वातंत्र्यानंतर ती सवलत कायम राहिली आणि केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली. एका समाजाला अशी वेगळी वागणूक का, असा आक्षेप कर्नाटक उच्च न्यायालयात घेतला गेला; २०२१ मध्ये न्यायालयाने सूट वैध ठरवली. सप्टेंबरच्या आरंभी कैल पोळ्द सणाला कोडगूत घरोघरी बंदुकांची पूजा होते आणि नारळाला नेम धरण्याच्या स्पर्धा रंगतात. हौशी नेमबाजी हा शब्द आपल्याकडे जेथे खऱ्या अर्थाने लागू पडतो, असा हा देशातील बहुधा एकमेव मुलूख.

मात्र गंमत अशी की, या सवलतीवर जेवढा खल झाला तो सगळा बंदुकीवर. काडतुसाची चर्चा ना न्यायालयाबाहेर झाली, ना विधानसभेत. बंदूक पिढ्यानपिढ्या टिकते. आजोबांची रायफल नातू वापरतो. काडतूस मात्र एकदा उडाले की संपले. नेमबाजी हा खेळ बंदुकीच्या किमतीवर उभा नाही, काडतुसाच्या किमतीवर उभा आहे, आणि आपल्या राज्यकर्त्यांनी शस्त्रधोरणाचा विचार करताना हे कधी ध्यानात घेतलेले दिसत नाही.

रायफल नेमबाजीत जगभर जे काडतूस वापरले जाते ते .२२ बोअरचे. दिसायला करंगळीच्या अर्ध्याएवढे, गोळीचे वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. याची घडण मोठी नाजूक. इतर काडतुसांत पेट घेणारे मिश्रण तळाच्या मध्यभागी वेगळ्या टोपीत असते. यात ते पुंगळीच्या कडेच्या पोकळ काठात भरलेले असते. घोडा पडला की तो काठच चेपला जातो. म्हणून ही पुंगळी पुन्हा भरता येत नाही. मोठ्या बोअरचा नेमबाज निदान परदेशात तरी रिकाम्या पुंगळ्या घरी भरून खर्च वाचवतो; .२२ वाल्याला तोही मार्ग नाही. त्याला प्रत्येक वेळी नवे काडतूस विकत घ्यावेच लागते. शिवाय ते साधे चालत नाही. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. काठात भरलेले मिश्रण किंवा आतली दारू एका काडतुसात किंचित कमी आणि दुसऱ्यात किंचित जास्त पडली, तर गोळीचा वेग बदलतो आणि हात कितीही स्थिर असला तरी दहाचे नऊ होतात. त्यामुळे वरच्या दर्जाचे नेमबाज इंग्लंडमधील ईली, जर्मनीतील आरडब्ल्यूएस किंवा फिनलंडच्या लापुआ या कंपन्यांचेच काडतूस वापरतात. त्यातही आपल्या नळीला कोणत्या घाण्याचा माल मानवतो हे त्या त्या कारखान्याच्या चाचणीगृहात जाऊन पाहतात आणि त्याच घाण्याची काडतुसे वर्षभरासाठी उचलतात. म्हैसूरच्या किंवा सांगलीच्या मुलाने हे कसे करावे?

हिशेब साधा आहे. स्पर्धेची तयारी करणारा नेमबाज दिवसाला शंभर गोळ्या, आठवड्यातून पाच दिवस, वर्षातले अठ्ठेचाळीस आठवडे उडवतो असे धरले, तर वर्षाला २४,००० काडतुसे लागतात. म्हणजे काडतुसामागे एक रुपया वाढला की वर्षाचा खर्च २४,००० रुपयांनी वाढतो. हौशी माणसाचे गणित लहान असते. तो रविवारी मैदानावर गेला आणि साठ गोळ्या उडवून परतला, तरी वर्षाकाठी तीन हजारांवर काडतुसे होतात. क्रिकेटची बॅट एकदा घेतली की दोन हंगाम निघतात. येथे मात्र खेळाडू प्रत्येक श्वासागणिक नोट जाळत असतो. यात डॉलर आणि युरोचा भाव, विमानवाहतुकीचे कडक नियम, आणि गेल्या काही वर्षांत युरोपातील युद्धामुळे दारूच्या कच्च्या मालावर पडलेला ताण, असे सगळेच भर घालतात. युक्रेनच्या तोफांना लागणारी नायट्रोसेल्युलोज आणि नेमबाजाच्या इवल्या काडतुसातली दारू यांची मुळे एकाच बाजारात आहेत.

मग देशी काडतूस का नाही? हा प्रश्न विचारला की चर्चा क्रीडांगणातून थेट सत्ताकारणात शिरते. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे. जळगाव जिल्ह्यात वरणगावला दुसरा आहे. म्हणजे लहान शस्त्रांच्या काडतुसांची देशातील दोन महत्त्वाची ठिकाणे महाराष्ट्रातच आहेत. 'केएफ' हा शिक्का असलेली काडतुसे देशभरच्या बंदूक दुकानांत पिढ्यानपिढ्या विकली गेली. परंतु १९५६ च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रे आणि दारूगोळा हे क्षेत्र केवळ सरकारसाठी राखून ठेवले होते. ज्या कारखान्याचा मुख्य गिऱ्हाईक लष्कर, दुसरा पोलीस आणि तिसरा राष्ट्रीय छात्रसेना, त्याला हौशी नेमबाजाची काय फिकीर? छात्रसेनेच्या मुलांना .२२ रायफलीवर हात बसवण्यापुरते काडतूस चालले की झाले. ते दहाच्या वर्तुळात एकावर एक बसले पाहिजे अशी मागणी त्या कारखान्याकडे गंभीरपणे कुणी केली नाही आणि कुणी केली असती तरी ती ऐकण्याची त्याला गरज नव्हती. २००१ मध्ये खासगी उद्योगांना परवान्याने हे क्षेत्र खुले झाले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या करण्यात आल्या आणि खडकी व वरणगाव हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे गेले. तिचे मुख्यालयही पुण्यातच. फेब्रुवारी २०२४ मध्ये कानपूरला अदानी समूहाचा मोठा दारूगोळा प्रकल्प सुरू झाला. खासगी असो वा सरकारी, साऱ्यांची नजर लष्कराच्या कोट्यवधींच्या मागणीवर आहे. नेमबाजांची बाजारपेठ त्यांच्या लेखी चिल्लर. आत्मनिर्भरतेचा एवढा गजर होत असताना ऑलिंपिकला जाणाऱ्या भारतीय खेळाडूच्या रायफलीत परदेशी काडतूसच असते, ही विसंगती संसदेत कुणाला खटकल्याचे स्मरत नाही.

एका काडतुसाचा संसार किती मंत्रालयांत विखुरला आहे हे पाहिले की प्रश्न का सुटत नाही हेही कळते. घटनेच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रे व दारूगोळा हा विषय केंद्राच्या यादीत आहे, पण परवाना देतो जिल्हादंडाधिकारी आणि त्याआधी चौकशी करतो राज्याचा पोलीस. नियम गृहमंत्रालयाचे. कारखाना संरक्षण मंत्रालयाचा. आयातीची मंजुरी वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत, सीमाशुल्क आणि जीएसटी अर्थमंत्रालयाच्या, आणि पदक मिळाले की अभिनंदनाची जाहिरात क्रीडा मंत्रालयाची! सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीची फेररचना झाली, तेव्हा पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर थेट ४० टक्क्यांच्या गटात, म्हणजे तंबाखू आणि जुगाराच्या पंक्तीला नेऊन बसवले गेले. काडतूस त्या यादीत नाही हे खरे. पण वस्तू पाहून तिचा वापर ठरवण्याची दिल्लीची दृष्टी त्यातून स्पष्ट होते.

वास्तविक या खेळाची सुरुवात दिल्लीतच, तीही फार मोठ्या माणसाच्या हातून झाली. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेकडे जाणारी जी पात्रता स्पर्धा आहे, ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. संसदीय शिस्तीचा आदर्श घालून देणाऱ्या आणि गांधीवादी राजकारणात वाढलेल्या माणसाने रायफल नेमबाजीला आश्रय द्यावा, हे आज चमत्कारिक वाटेल. पण त्या पिढीला निःशस्त्रीकरणाची चीड ठाऊक होती. १८७८ चा शस्त्र कायदा हा पारतंत्र्याचा शिक्का मानला जाई. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही मोजला गेला होता. स्वराज्य आल्यावर तो हक्क घटनेत उतरला नाही. ते योग्यच झाले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अमेरिकेचे उदाहरण समोर असताना घरोघरी बंदूक असावी असे म्हणण्याचे धाडस कुणी करू नये. पण हक्क नाकारताना खेळही नाकारायचा नव्हता, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली जे नियम होत गेले त्यांत खेळाडू हा नेहमी अपवाद म्हणूनच आला.

हे अपवाद उदार होत गेले आहेत, हेही नमूद केले पाहिजे. फेब्रुवारी २०२० मध्ये गृहमंत्रालयाने आंतरराष्ट्रीय पदकविजेत्या आणि नामांकित नेमबाजांना बाळगता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा सातवरून बारा केली, उदयोन्मुख नेमबाजांची एकवरून दोन केली आणि सरावाच्या काडतुसांचा वार्षिक कोटाही वाढवला. ज्याला 'नामांकित' हा दर्जा मिळाला त्याचे आयातीचे मार्ग मोकळे होतात. पण तो दर्जा मिळतो मोठ्या स्पर्धांतील गुणांवर. गुण मिळतात सरावाने, आणि सराव होतो काडतुसाने. आधी काडतूस की आधी गुण? ज्याच्या घरी पैसा आहे किंवा जो लष्करात, पोलिसांत, रेल्वेत नोकरीला लागला, तो हे कोडे सोडवतो. बाकीचे दहा मीटरच्या एअर रायफलीवर थांबतात. तिला छर्रा लागतो, तो स्वस्त असतो, आणि वीस जूलपर्यंतच्या .१७७ बोअरच्या एअरगनला परवानाही लागत नाही.

याचा परिणाम पदकतक्त्यात उघड दिसतो. भारताने ऑलिंपिक नेमबाजीत आजवर सात पदके मिळवली. त्यांतील चार एअर रायफल आणि एअर पिस्तुलाची आहेत: २००८ मध्ये अभिनव बिंद्रा, २०१२ मध्ये गगन नारंग, आणि २०२४ मध्ये मनू भाकर, एकदा एकटी आणि एकदा सरबज्योत सिंगसह. काडतूस वापरणाऱ्या प्रकारांतील राज्यवर्धन राठोड आणि विजय कुमार हे दोघेही लष्करातले. त्यांची काडतुसे हा त्यांच्या घरचा प्रश्न नव्हता. उरला एक. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह त्याने कांस्य मिळवले. .२२ रायफलीने मिळालेले भारताचे हे पहिलेच ऑलिंपिक पदक. शिक्षकाचा मुलगा, राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करणारा. मुलाच्या काडतुसांसाठी वडिलांना कर्ज काढावे लागले, ही बातमी तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आली. राज्य सरकारने एक कोटीचे बक्षीस जाहीर केले. मिरवणूक झाली. कर्जाच्या बातमीवर मात्र एकाही सरकारने धोरण म्हणून विचार केला नाही. तिची किंमत एका भावुक परिच्छेदापलीकडे गेली नाही.

कोल्हापूरने २०१० ची विश्वविजेती तेजस्विनी सावंत दिली, आशियाई सुवर्ण मिळवणारी राही सरनोबत दिली. दुधाळीच्या रेंजवर घडलेल्या या परंपरेचे गोडवे आपण गातो. पण एका स्वप्नीलमागे किती मुले काडतुसांच्या बिलापाशी थबकून परत फिरली, याची मोजदाद कुठल्याही दप्तरी होत नाही.

आता दुसरी बाजू. काडतूस स्वस्त केले तर ते गुन्हेगाराच्या हाती जाईल, ही भीती गृहखात्यात आहे आणि ती निराधार नाही. २०१७ मध्ये मीरतला एका राष्ट्रीय पातळीवरच्या नेमबाजाशी संबंधित घरावर महसूल गुप्तचर विभागाने छापा घातला, तेव्हा शस्त्रे आणि काडतुसांच्या साठ्याबरोबर नीलगाईचे मांसही सापडल्याचे प्रसिद्ध झाले होते. खेळाडूच्या सवलतीआड व्यापार होऊ शकतो, हे त्या प्रकरणाने दाखवले. तथापि काडतुसांची मोठी गळती कोठून झाली हेही पाहावे. २०१० मध्ये उत्तर प्रदेशात रामपूरला जे प्रकरण उघड झाले त्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या आणि राज्य पोलिसांच्या शस्त्रागारांतून काडतुसे बाहेर विकली जात होती, आणि ती नक्षलवाद्यांपर्यंत पोहोचत असल्याचा तपास यंत्रणेचा आरोप होता. २०२३ मध्ये त्यात चोवीस जणांना दहा दहा वर्षांची शिक्षा झाली. सरावात उडवली असे दाखवून काडतूस वाचवायचे आणि बाहेर द्यायचे, ही सोय नागरी नेमबाजापेक्षा वर्दीतल्या साठेदाराला अधिक असते. शिवाय .२२ चे स्पर्धेचे काडतूस हे काही टोळीयुद्धाचे हत्यार नव्हे. ते निरुपद्रवी आहे असे मुळीच नाही, ते माणूस मारू शकते. पण देशी कट्ट्यांच्या बाजाराला लागणारा माल वेगळाच असतो.

तेव्हा प्रश्न स्वस्त की महाग असा नसून काडतूस कोठे विकले जाते आणि कोठे उडवले जाते, हा आहे. स्वित्झर्लंडचे उदाहरण येथे उपयोगी पडते. तेथे नागरी सैन्याची परंपरा आहे. सैनिकाने आणीबाणीचे काडतूस घरी ठेवण्याची जुनी पद्धत त्या देशाने २००७ मध्ये थांबवली. परंतु नेमबाजी मैदानावर सरकारी अनुदानाने स्वस्त काडतूस मिळते ते सुरूच राहिले. अट एकच: ते तेथेच उडवायचे, घरी न्यायचे नाही. घर आणि मैदान यांच्यात त्यांनी रेघ ओढली. याउलट ब्रिटनने १९९६ च्या डनब्लेन हत्याकांडानंतर हातबंदुकींवर सरसकट बंदी घातली आणि त्या देशाच्या पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेश गाठावा लागला. भारताने आजवर धरलेला रस्ता या दोन्हींपेक्षा विचित्र आहे. आपण काडतूस घरी नेऊ देतो, परवान्यावर त्याची संख्या लिहून ठेवतो, निवडणूक जाहीर झाली की कोडगूपासून गडचिरोलीपर्यंत बंदुका ठाण्यात जमा करायला लावतो, आणि ज्या एका जागी देखरेखीखाली गोळी उडवणे सर्वांत सुरक्षित, त्या रेंजवर मात्र काडतुसाची कसलीही व्यवस्था करत नाही.

बालेवाडी, दुधाळी, दिल्लीचे कर्णी सिंग रेंज, म्हैसूरच्या पोलिसांचे सरावाचे मैदान, अशी मान्यताप्राप्त ठिकाणे देशात आहेत. तेथे नोंदणीकृत सभासदाला करमुक्त काडतूस द्यावे, जेवढी दिली तेवढ्या पुंगळ्या मोजून परत घ्याव्यात, नोंद शस्त्रपरवान्यांच्या राष्ट्रीय संगणकीय यादीला जोडावी. प्रत्येक परवानाधारकाला त्या यादीत ओळखक्रमांक आहेच. म्युनिशन्स इंडियाने चांगल्या प्रतीचे .२२ काडतूस करण्याची जबाबदारी घ्यावी आणि पहिली काही वर्षे क्रीडा मंत्रालयाने ते ठोक विकत घ्यावे; खात्रीचा गिऱ्हाईक दिसल्याशिवाय कोणताही कारखाना यंत्रे बदलत नाही. पुंगळीच्या हिशेबात लबाडी होईल? होईल. पण रेंजवर दहा जणांच्या डोळ्यांदेखत होणारी लबाडी पकडणे हे एखाद्याच्या कपाटातली काडतुसे शोधण्याइतके अवघड नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धेचे यजमानपद अहमदाबादला मिळाले. बर्मिंगहॅमने २०२२ मध्ये आणि ग्लासगोने २०२६ साठी नेमबाजी वगळली. घरच्या स्पर्धेत ती असावी असे भारताला वाटणे स्वाभाविक आहे. अहमदाबाद ही मावळंकरांची कर्मभूमी. तेथे रायफल घेऊन उभी राहणारी मुले आज शाळेत आहेत, आणि त्यांच्या सरावाची वर्षे हीच आहेत. संसदेत नवे विधेयक आणण्याची यासाठी आवश्यकता नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ४१ ने केंद्राला सूट देण्याचा अधिकार दिला आहे; कोडगूची सवलत त्याच कलमावर चालू आहे. रेंजवरच्या काडतुसासाठी तसेच राजपत्र गृहमंत्रालयाला काढता येईल. करांचा भाग अर्थमंत्रालयाकडे आहे, आणि त्याची पहिली टिपणी क्रीडा मंत्रालयाने लिहायची आहे.